गरुड असेल तर थांबव, घार असेल तर राहू दे

तर ‘बसून पगार मिळतो, मग रडायला काय झालं’ हे वाक्य तुम्ही याही पत्रात घातलंतच. मागच्या पत्रात होतं, त्याच्या मागच्या पत्रात होतं, आणि मी निघालो तेव्हा गाडी हलल्यावरही तुम्ही खिडकीबरोबर पळत पळत हेच ओरडत होतात. मामा, एकदा स्वतः येऊन बसून बघा, मग बोला. (नमस्कार राहिला. तीर्थरूप मामांना आणि सौ. मामींना भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, मामींचं पित्त कसं आहे, आईला झोप लागते का, दुकानाच्या शटरला शेवटी तेल घातलं की अजून ते शेजाऱ्यांना उठवतंच आहे, सगळं सविस्तर कळवा. मी इथे खुशाल आहे. म्हणजे मान सोडून बाकीचा खुशाल आहे. मानेचं पुढे येतंच.) मुद्दा असा की मला बाकावर बसता येत नाही म्हणून शाळेने हात टेकले, स्टुलावर बसता येत नाही म्हणून तुमच्या सायकलच्या दुकानाने हात टेकले, आणि अशा मुलाला तुम्ही शोधून शोधून नोकरी कुठली दिलीत, तर बसायची. तीही वर बघत बसायची.

आणि बाईंना तुम्ही फोनवर काय सांगितलंत ते मला इथे आल्यावर कळलं. ‘आमचा पोरगा आकाशातलं पाखरू नुसत्या सावलीवरून ओळखतो.’ कधी ओळखलं हो मी? मास्तर म्हणायचे याचं लक्ष सारखं खिडकीबाहेर असतं, त्याचा तुम्ही हा अर्थ काढलात? लक्ष खिडकीबाहेर होतं हे खरं आहे. पण तिथे पाखरं नव्हती मामा, तिथे रस्ता होता.

आता तुम्ही म्हणाल, काम तरी काय आहे एवढं. ऐका. इथे नजर जाईल तिथवर शेतं आहेत आणि शेतांत मधेमधे पवनचक्क्या उभ्या आहेत. पांढऱ्या, उंच, बघताना टोपी पडेल अशा. त्यांची पाती लांबून अगदी आळसावून फिरल्यासारखी दिसतात, पण टोकाला असला वेग असतो की मधे सापडलेला पक्षी संपला. म्हणून कंपनीने लिहून दिलंय की गरुड जवळ आला तर आम्ही चक्की थांबवू. फक्त गरुड. घारीसाठी थांबवायची नाही, कारण घारी इतक्या आहेत की त्यांच्यासाठी थांबत बसलं तर चक्कीचा नुसता खांब उरेल, कपडे वाळत घालायला. तर शेतांच्या मधोमध एक लोखंडी मचाण, त्याच्यावर पत्रा, पत्र्याखाली एक खुर्ची, खुर्चीत मी, माझ्या गळ्यात दुर्बीण आणि हातात वॉकीटॉकी. गरुड असेल तर थांबव, घार असेल तर राहू दे. पक्ष्यांच्या बाईंनी (त्या कंपनीच्या नाहीत, कंपनीवर लक्ष ठेवायला नेमलेल्या आहेत, आणि माझ्यावरही) पहिल्या दिवशी हे एवढंच सांगितलं, तेव्हा मलाही वाटलं की मामांचं बरोबर आहे, हे काय काम झालं?

पण मामा, पक्षी गळ्यात पाटी अडकवून येत नाही. तो येतो तो नेमका सूर्याच्या बाजूने येतो आणि खालून बघितलं तर नुसता काळा दिसतो. इथे सगळेच काळे दिसतात. घारीची शेपटी मधे कात्री मारल्यासारखी असते असं बाईंनी सांगितलं, ते मी घोकून पाठ केलं. दुसऱ्याच दिवशी एका घारीने वळताना शेपटी पसरली आणि कात्री मारलेलं सगळं गायब. मी थांबवली चक्की. बाई म्हणाल्या, “अरे, पसरल्यावर ती खाच दिसत नाही.” मग हे आधी नाही का सांगायचं? गरुडाच्या पंखांच्या टोकांना बोटं असल्यासारखी दिसतात म्हणे. बघतो तर घारीलाही बोटं. गरुड आकाराने मोठा असतो, हे तर सगळेच सांगतात. पण मोठा कशाच्या मानाने? वर त्याच्या शेजारी कोणी उभं असतं का? त्यातल्या त्यात कापशी बरी, ती हवेत एका जागी फडफडत राहते आणि आपल्याला विचार करायला वेळ देते. शिक्रा दिसतो तोवर गेलेला असतो. भोवत्या नावाचा एक आहे, तो पंख वर धरून पिकाला पोट घासेल इतका खालून फिरतो, काहीतरी हरवल्यासारखा, आणि त्याच्याकडे बघता बघता डोक्यावरून काय गेलं ते कळत नाही. वर आणखी गरुडाच्या पोराचं वेगळंच. ते म्हणे मोठं होताना दर वर्षी रंग बदलतं आणि गरुडासारखं दिसायला लागायला त्याला काही वर्षं लागतात. तोवर ते कुणासारखंही दिसतं. (तुम्ही हसू नका. तुम्ही आत्ता मामींना काय म्हणाला असाल ते मला इथे ऐकू आलं.)

आणि मान! दिवसभर वर बघून बघून मान मागे अडकते. संध्याकाळी मी जेवायला बसतो तेव्हा ताटात काय आहे ते मला वासावरून ठरवावं लागतं. खोलीतला दुसरा भाडेकरू सुतार आहे, तो म्हणतो, तुझ्याशी बोलताना असं वाटतं की माझ्या मागे कोणीतरी उंच माणूस उभा आहे.

हेही मी सोसलं असतं, पण एका चक्कीपायी मला तीन मालक आहेत. पहिल्या बाई. त्यांचं म्हणणं, शंका आली की थांबव. दुसरे बटणदादा. ते लांब एका केबिनमध्ये बटणासमोर बसतात आणि मी वॉकीटॉकीवर सांगितलं की त्यांनी बटण दाबायचं असतं. पण बटण दाबलं की का दाबलं ते वर कळवावं लागतं, त्यामुळे मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला आल्यासारखे ते माझ्याशी बोलतात. “नक्की गरुडच ना? घरदार बघितलंस? चौकशी केलीस?” असं. तोवर गरुड पलीकडच्या शेतात जाऊन, जेवून, हात धुऊन परत आलेला असतो. आणि तिसरे मीटरकाका. चक्की ज्यांच्या शेतात उभी आहे ते हे शेतकरी. त्यांना चक्कीचं भाडं मिळतं ते ती जेवढी वीज काढेल त्या हिशोबाने, म्हणून ते येता-जाता चक्कीच्या पायथ्याचा मीटर बघतात. पाती थांबली की ते असतील तिथून माझ्या मचाणाकडे निघतात. लांबून ते दिसायला लागले की त्यांना ओळखायला मला दुर्बीण लागत नाही. एवढा एकच प्राणी मी आजवर बिनचूक ओळखलाय.

“काय रे ए आकाशवाणी,” ते खालून ओरडतात, “आज काय दिसलं? विमान?”

त्यात या महिन्यात एक गरुडाची जोडी आली. खरी. बाईंनीच बघितली, म्हणून खरी. मीटरकाकांच्या शेताच्या टोकाला एक जुनं उंच झाड आहे, त्याच्या शेंड्यावर ती दोघं काटक्या रचायला लागली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मला चहा पाजला. (साखर कमी होती.) मीटरकाकांना झाला नाही. त्यांनी सरळ हिशोब केला. झाड आहे म्हणून घरटं, घरटं आहे म्हणून गरुड, गरुड आहे म्हणून चक्की बंद. म्हणजे झाड नको. झाड त्यांचं, बांध त्यांचा, कुऱ्हाडवाला त्यांच्या ओळखीचा. मी बाईंना म्हटलं, नियमाने अडवा की. त्या म्हणाल्या, नियम अंड्याला आहे, काटक्यांना नाही. अंडं दिसलं की मग झाडाला हात लावायची कोणाची टाप नाही, पण तोवर तो त्यांचा लाकूडफाटा. “चक्की फार वेळा थांबली नाही तर ते कशाला तोडतील? तू नीट बघ, घारीसाठी थांबवू नकोस, म्हणजे झालं,” असं म्हणून त्या कसल्याशा बैठकीला गेल्या. म्हणजे बघा, झाड माझ्या डोळ्यांवर टाकून गेल्या. माझ्या! ज्याला तुमच्या दुकानात आठ आणि नऊ नंबरचा पाना वेगळा दिसला नाही त्याच्या!

मी डोळ्यांत तेल घालून बसलो. आणि दुसऱ्या दिवशी गरुड आला. अहो, काय गरुड! सूर्यफुलांच्या पट्ट्यावर, चक्कीच्या अगदी पायाशी, टेकाडामागून वर आला आणि तिथेच थांबला. पंख पसरलेले, एकदाही न हलवता. ना घारीसारखी शेपटी मुरडणं, ना कापशीसारखी फडफड. मी म्हटलं, वा, शेवटी एक तरी सभ्य पक्षी भेटला, नीट बघू देतोय. आकाराने मोठा, टोकाला बोटं, शेपटीला खाच नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, गरुड, थांबवा. थांबली. थोड्या वेळाने वारा पडला, तसा गरुड टेकाडामागे उतरला. मी सांगितलं, गेला, चालू करा. पुन्हा वारा सुटला, पुन्हा गरुड वर. थांबवा. वारा पडला, गरुड खाली. चालू करा. असं दिवसभर. पुढचेही दिवस तसेच. वारा नसेल तेव्हा चक्की फिरायला मोकळी आणि वारा सुटला की थांबवलेली. शेवटी बटणदादा मला म्हणाले, “खरं सांग, तुला दुसरा पगार कोण देतं? कोळसेवाले?”

मीटरकाका तर आता मचाणाखालीच मुक्काम करायचे बाकी होते. वरून शिव्या, खालून शिव्या. (वरून म्हणजे वॉकीटॉकीतून.) “त्या झाडावरचा तुझा सोयरा माझं घर बुडवणार!” असं म्हणून त्यांनी कुऱ्हाडवाल्याला सांगावा धाडला. तो म्हणाला, चार दिवस दुसरीकडे काम आहे, मग येतो. मी मनात म्हटलं, गरुडा, अरे मेल्या, जरा लांब फिरलास तर तुझं काय जातं? सबंध आभाळ पडलंय आणि तुला हीच जागा सापडली?

बाई बैठकीहून आल्या त्या सरळ मचाणावर चढल्या. मी मोठ्या ऐटीत दाखवलं. त्यांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. मग खाली उतरल्या आणि मला घेऊन टेकाडापलीकडे गेल्या. मामा, तिथे एक लांब बांबू होता. बांबूला दोरी होती. दोरीला काळं कापड होतं, पंख पसरलेल्या शिकारी पक्ष्यासारखं कापलेलं, वर चोच आणि डोळे रंगवलेले. सूर्यफुलांवर पाखरं बसू नयेत म्हणून लावायचं उडतं बुजगावणं. वारा आला की ते वर चढायचं, वारा गेला की खाली यायचं. आणि ते लावलं कोणी होतं? मीटरकाकांनी! स्वतः बाजारातून आणून, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चक्कीखाली! सगळे दिवस तो माणूस आपल्याच कापडापायी बुडत होता आणि बोंब माझ्या नावाने मारत होता.

तुम्हाला वाटेल यात माझी सुटका झाली. छे. बाई हसत हसत बांधावर बसल्या, बटणदादांनी ही गोष्ट सगळ्या केबिनींना कळवली, आणि मीटरकाकांचा असा काही पाणउतारा झाला की ते आणखीनच पेटले. “माझं शेत, माझं कापड. उतरवणार नाही,” म्हणाले. “ह्याला कापड आणि पक्षी कळत नाही तो माझा दोष?” बाईंनी म्हटलं, निदान ते झाड तरी राहू द्या, आता कळलं ना की गरुडाने काही केलं नव्हतं. तर म्हणाले, “आज नाही केलं, उद्या करेल. माणूस बोलावलाय तो बोलावलाय.” शेवटी मोठ्या चर्चेनंतर कंपनीने तोडगा काढला तो असा की सूर्यफुलांवर काही काळं दिसलं तर ते कापड समजायचं आणि बटणदादांनी माझं त्या बाजूचं काहीही ऐकायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. माझी हलत नाही, नाहीतर मीही हलवली असती.

आता मला सांगा, घरट्याच्या जवळ दुसरा कोणी आपल्यासारखा पंख पसरून दिवसभर उभा राहिला तर खरा गरुड काय करेल? हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

परवा दुपारी वारा चांगला सुटला होता. कापड वर चढलं. मी त्याच्याकडे बघायचंही सोडून दिलं होतं, पण नजर गेलीच. बघतो तर एका कापडाच्या जागी दोन. एक जागच्या जागी उभं आणि दुसरं वरून त्याच्यावर तुटून पडतंय, पुन्हा वर चढतंय, पुन्हा पडतंय. आणि प्रत्येक वेळी ते वर चढायचं ते बरोब्बर फिरणाऱ्या पात्यांमधून. एक पातं गेलं की दुसरं यायच्या आत निसटायचं. एकदा तर मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा ते अजून होतं.

मी वॉकीटॉकीत ओरडलो, थांबवा, गरुड आहे.

“कुठे?”

“सूर्यफुलांवर.”

“कापड आहे ते.”

“अहो दादा, दोन आहेत!”

“मग कापडाला पोर झालं असेल,” बटणदादा म्हणाले, आणि हसत बसले. ठरलंच होतं ना, त्या बाजूचं माझं काही ऐकायचं नाही. मी शपथा घातल्या. तुमची घातली, मामींची घातली. (रागावू नका, कोणाचीच चालली नाही.) शेवटी मी दुर्बीण खुर्चीवर टाकली आणि मचाणावरून खाली उतरलो. उतरलो म्हणजे शेवटच्या पायऱ्या मला दिसल्याच नाहीत. आणि पळत सुटलो. मामा, ही नोकरी लागल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा माझे पाय कामाला आले. सूर्यफुलं डोक्याएवढी. तोंडावर फटाफट बसत होती. मी कशाला बाजूला सारलं आणि कशाला आडवं केलं ते मला सांगता येणार नाही, पण मीटरकाकांना फुलाफुलाचं सांगता येतं.

बांबूपाशी पोचलो तर दोरीची गाठ अशी की ज्याने मारली त्याच्या घरच्यांचा उद्धार केल्याशिवाय सुटणार नाही. उद्धार केला, तरी सुटली नाही. मग मी बांबूच उपटायला घेतला. वर ती फडफड, तो वारा, पात्यांचा तो फपाक फपाक आवाज, आणि खाली मी बांबूला मिठी मारून गोल गोल फिरतोय. बांबू एकदम निघाला आणि मी, बांबू आणि कापड सगळे सूर्यफुलांत आडवे झालो. गरुड थांबला? नाही! तो कापडामागोमाग खाली आला आणि त्याने कापड धरलं. नुसतं कापड धरलं असतं तर प्रश्न नव्हता, एक पाय माझ्या खांद्यावर पडला. मामा, पक्ष्याच्या पायाला पाय म्हणतात हीच मुळात चूक आहे. मी दोरी सोडावी की नाही? ओरडताना मला सुचलंच नाही. दोरीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं त्याच्याकडे. इतक्या जवळून त्याने माझ्याकडे बघितलं. पिवळा डोळा होता. आमच्या मास्तरांसारखा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मग दोरी तुटली आणि तो कापड घेऊन पिकावरून अगदी खालून, पात्यांच्या खूप खालून, उडत झाडाकडे गेला. खांदा मी चाचपला तर शर्ट एका बाजूने उघडा. आभार वगैरे मानायची पद्धत त्या जातीत नाही.

मीटरकाका बांधावर उभे राहून सगळं बघत होते. त्यांना कळेना की आधी कशासाठी ओरडावं. “माझी सूर्यफुलं!” म्हणाले. मग वर बघून, “माझं कापड!” मग पुन्हा फुलं. गरुडाने काय केलं असेल सांगा? ते कापड नेऊन घरट्यात अंथरलं. लांबून झाडाच्या शेंड्यावर काळा पंख लोंबताना दिसतो. म्हणजे आता मीटरकाकांकडे झाड तोडायला नवं कारण. “मला माझं कापड परत पाहिजे.” बटणदादांनी केबिनमधून काहीच बघितलं नाही. मला म्हणाले, “चक्की एकदाही थांबली नाही ना? मग झालं काय एवढं?” आणि बाई संध्याकाळी आल्या. मी त्यांना फाटका शर्ट, सुजलेला खांदा, सगळं दाखवलं. त्या म्हणाल्या, “शाबास.” मला बरं वाटलं. मग म्हणाल्या, “इतक्या जवळून बघितलास, तर नर होता की मादी?”

मी वर बघत राहिलो. मानेमुळे तसं दिसतंच.

तर मामा, झालं. पुरे. पिकाची भरपाई कंपनीने माझ्या पगारातून कापली, कारण मचाण सोडून शेतात जायचं असं कुठे लिहिलेलं नाही. खांद्याला औषध लावायला सुतार आहे, त्याचा हात रंधा मारल्यासारखा चालतो. कुऱ्हाडवाला उद्या येतोय म्हणे. येऊ दे. मला काय करायचंय? झाड माझं नाही, पक्षी माझ्या ओळखीचा नाही, अंडं घालायचं तर दोघांनी आधीच घालायचं होतं, काटक्या काय इतक्या निवडून घ्यायच्या असतात? मी हे सगळं सोडून परत येतो आहे. दुकानातलं स्टूल तयार ठेवा. मी त्याच्यावर बसेन, पाने नंबराप्रमाणे लावेन, आणि आयुष्यात पुन्हा छताच्या वर बघणार नाही. आईला एवढंच सांगा की मुलाचा जीव इथे विटला. मामींना आणि सगळ्यांना नमस्कार, लहानांना जे काय असेल ते.

तुमचा, मान अवघडलेला भाचा

ता. क. काल पत्र पुरं केलं पण टाकायचं राहिलं, कारण कुऱ्हाडवाला आज सकाळीच आला. त्यामुळे वरचं वाचताना स्टुलाबद्दल फार घाई करू नका. तिथे दुसरं कोणाला बसवलं असेल तर त्याला उठवू नका, गरिबाच्या पोटावर पाय कशाला? बाई म्हणतात, मादी होती. (घरट्यात तीच बसून असते म्हणून.) अंडं अजून नाही, पण आता कधीही. मग ते उबवायचं, मग पिल्लू, मग ते उडायला लागायचं, असे बरेच महिने जातात, आणि तेवढे दिवस कोणीतरी रोज बघत राहायला पाहिजे. नव्या माणसाला हे सगळं पहिल्यापासून शिकवायचं म्हणजे डोक्याला ताप. घार आणि गरुडातला फरक काही एका दिवसात कळत नाही.

पुन्हा ता. क. बाईंनी बटणदादांना माझा फाटका शर्ट नेऊन दाखवला, तेव्हापासून ते मी ‘थांबवा’ म्हटलं की चौकशी न करता दाबतात. आज एका भोवत्यासाठी थांबवली. मीटरकाका आले नाहीत, कारण ते तेव्हा माझ्याशीच बोलत बसले होते. कशाबद्दल, ते खाली लिहितो, पण पत्र आईच्या हाती पडणार असेल तर इथून पुढचा भाग फाडून ठेवा.

शेवटचं ता. क. मामा, मी ते झाड विकत घेतलं. कुऱ्हाडवाला बाह्या सारून उभा होता आणि मीटरकाका लाकडाचा भाव सांगत होते, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की तो भाव मी देतो. आधी ते हसले. मग त्यांनी त्यात कापडाची किंमत घातली, कुऱ्हाडवाल्याचा फुकट गेलेला दिवस घातला, आणि हात पुढे केला. मी घासाघीस केली, पण मान खाली होत नसली की माणूस अडलेला दिसत नाही आणि न अडलेल्याला कोणी सूट देत नाही. “झाड तुझं,” म्हणाले, “सावली माझी.” आता ते झाड मला तिथून हलवता येत नाही, त्याच्या खाली बसता येत नाही, आणि वर जो राहतो तो मला ओळख दाखवत नाही. तर विनंती एवढीच. आईला या महिन्याला नेहमीइतकेच पैसे तिच्या हातात मोजून मिळू देत. जे कमी पडतील ते तुम्ही आपल्या गल्ल्यातून घाला, आणि तिने विचारलंच तर मुलाने परगावी मालमत्ता केली म्हणा, केवढी ते सांगू नका. पिकाची भरपाई आणि झाड दिल्यावर जे उरलं ते सगळं सोबत पाठवतो आहे, ते असे: एकशे पाच.